लिव्हरची गाठ : ऑपरेशन, टेस की प्रत्यारोपण? अनुभव हवेत (नाशिक)

द्राक्षबाग | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

माझे चुलते, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. वय ५८, निफाडजवळ पाच एकर बाग. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, माळकरी माणूस. जेवल्यावर पोट जड वाटतं म्हणून पिंपळगावला सोनोग्राफी केली, तर लिव्हरच्या उजव्या भागात गाठ निघाली. नाशिकला सीटी झाला. एकच गाठ, ४.२ सेंमी. एएफपी (रक्तातली खूण, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढते) ६४०. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, आणि हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता तीन डॉक्टर, तीन मतं. पहिले म्हणतात कापून काढू, गाठ एकच आहे. दुसरे म्हणतात टेस करा, मांडीतून नळी घालून औषध सोडायचं. तिसरे म्हणतात खरा इलाज लिव्हर बदलणं, बाकी सगळं वेळ काढणं. प्रत्येक जण आपापल्या जागी इतका ठाम बोलतो की बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये आम्ही नुसते एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात हे झालंय का? तुम्ही ठरवलंत कसं? माल उतरायला आलाय आणि आप्पांचं एकच चाललंय, "व्यापारी येऊन जाऊ द्या, मग बघू."

तर्री_जास्त | सोमवार, रात्री ११:५२

टाटा. विषय संपला.

सिडको_ते_सातपूर | मंगळवार, सकाळी ७:०५

टाटा म्हणणं सोपं आहे हो. पहाटेची गाडी, तिथली रांग, कार्ड, परत रांग. माझ्या मेव्हण्याच्या वेळी आम्ही तेच केलं आणि मत चांगलंच मिळालं, पण पुढचे सगळे उपचार नाशकातच झाले. मत मोठ्या ठिकाणी घ्या, उपचार जिथे रोज जाता येईल तिथे. अर्थात त्यांचा आतड्याचा होता आणि लिव्हरला पसरलेला. तुमचं तसंच आहे का?

आडवा_छेद | मंगळवार, सकाळी ८:३०

वर सातपूरकरांनी नकळत एक महत्त्वाचा फरक काढलाय. आतड्याचा लिव्हरला पसरतो तो आतड्याचाच कॅन्सर, त्याची औषधंही आतड्याची. आप्पांना आहे तो लिव्हरमध्येच उगवलेला. त्यामुळे "आमच्या अमक्यालाही लिव्हरचा होता" हे ऐकताना आधी विचारायचं, मूळचा की पसरलेला?

मी सीटी-एमआरआय वाचण्याचं काम करतो. आप्पांचे रिपोर्ट माझ्यासमोर नाहीत, म्हणून काय करा हे सांगणार नाही. पण तीन मतं का आली, ते सांगू शकतो.

बाकीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये प्रश्न गाठीचा असतो. इथे दोन आजार एकाच अवयवात बसलेले असतात. एक गाठ, आणि दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं सुजून, सुकून कडक झालेलं लिव्हर, म्हणजे सिरॉसिस. पहिल्या डॉक्टरांनी गाठ बघितली, तिसऱ्यांनी लिव्हर बघितलं. तुम्ही गाठीचे सेंटिमीटर लिहिलेत, एएफपी लिहिलंत. प्लेटलेट किती? लिव्हर किती काम करतं ते सांगणारे बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर? पोटात पाणी? दुर्बिणीने अन्ननलिका बघितली का, तिथल्या शिरा फुगल्यात का? यातल्या काहींवरून लिव्हरचा चाइल्ड ए, बी, सी असा दर्जा ठरतो (ए सगळ्यात बरा), बाकीच्यांवरून आतड्याकडून लिव्हरला येणाऱ्या मोठ्या शिरेतला दाब कळतो. निरोगी लिव्हरचा पाऊणएक भाग काढला तरी उरलेला वाढतो. कडक झालेल्यात चाळीसेक टक्के तरी मागे ठेवावा लागतो, आणि तोही नीट वाढेलच असं नाही. शिरांमध्ये दाब असेल तर ऑपरेशन यशस्वी होतं आणि पेशंट लिव्हर बंद पडून जातो.

प्रत्यारोपण म्हणणाऱ्यांच्या डोक्यात मिलानचे निकष असणार. १९९६ साली इटलीतल्या मिलानच्या डॉक्टरांनी मांडले: एकच गाठ असेल तर ५ सेंमीपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ सेंमीच्या आत, आणि रक्तवाहिनीत शिरलेली नको. ४.२ त्यात बसते. पण हे दार कायम उघडं राहत नाही, गाठ वाढली की मिटतं.

आणि हो, कुणी "आधी तुकडा काढून तपासू" म्हणालं तर का ते विचारा. मुळात हिपॅटायटिस बी किंवा सिरॉसिस असताना तीन टप्प्यांच्या सीटीत गाठ आधी चमकली आणि नंतर विझली, तर बहुतेक वेळा तुकड्याची गरज नसते.

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ८:५५

दुर्बीण झालेली नाही! कुणी सांगितलीच नाही. प्लेटलेट ८२ हजार लिहिलंय. हे कमी आहे का?

आडवा_छेद | मंगळवार, सकाळी ९:०२

कमी आहे, म्हणजे त्या मोठ्या शिरेत दाब असू शकतो. दुर्बीण याच आठवड्यात करा.

गोदाकाठचा_नाना | मंगळवार, सकाळी १०:२०

आमच्याकडे काविळीची माळ घालतात. गळ्यात घातली की जसजशी कावीळ उतरते तशी माळ लांब होत जाते. माझ्या भावाला गुण आला होता. खर्च काही नाही, करून बघायला काय हरकत?

वाकडा_चष्मा | मंगळवार, सकाळी १०:४१

नाना, ती माळ हिरव्या काड्यांची असते. काड्या सुकतात, आकसतात, गाठी सैल होतात, माळ लांबते. कावीळ नसलेल्या म्हशीला घातली तरी लांबेल. तुमच्या भावाची कावीळ ए किंवा ई प्रकारची असणार, ती बहुतेकांची आपोआप उतरते. श्रेय माळेला.

गोदाकाठचा_नाना | मंगळवार, सकाळी १०:४४

म्हशीला घालून बघितली का?

द्राक्षांचा_राजा | मंगळवार, दुपारी १:१५

निफाडकर आणि लिव्हर... द्राक्षं खात होते की पीत होते? :)

काकू_कॉलेजरोड | मंगळवार, दुपारी १:३३

राजा, धागा पुन्हा वाच. ते माळकरी आहेत हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. लिव्हरचं काही झालं की "प्यायचा का?" हा जो प्रश्न येतो ना, त्याने माझ्या नवऱ्याला दोन वर्षं घराबाहेर पडावंसं वाटलं नाही. फॅटी लिव्हर होतं त्यांना, आणि साखर. दारू वर्षातून एकदाही नाही.

द्राक्षांचा_राजा | मंगळवार, दुपारी १:४०

चुकलो, काकू. मनापासून.

वाकडा_चष्मा | मंगळवार, दुपारी २:०५

काकूंशी सहमत. दारू हे एक कारण. हिपॅटायटिस बी, सी ही मोठी कारणं, आता साखर आणि चरबीवालं लिव्हर वाढतंय. आणि शेतकऱ्यांसाठी एक: बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते लिव्हरच्या कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, आणि सोबत हिपॅटायटिस बी असेल तर धोका फारच वाढतो. भाजल्याने पूर्ण जात नाही. कडवट दाणा लागला की थुंकायचा, "वाया कशाला" म्हणून चटणीत ढकलायचा नाही.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:१०

टेसबद्दल लिहिते. मिस्टरांना तीन वेळा झालं.

डॉक्टरांनी आम्हाला असं समजावलं होतं: लिव्हरला दोन नळांनी पाणी येतं. लिव्हरचं स्वतःचं बहुतेक रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येतं, गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. म्हणून धमनीच्या त्या फांदीत शिरून केमोचं औषध सोडायचं आणि फांदी बंद करायची. गाठ उपाशी मरते, लिव्हर दुसऱ्या नळावर जगतं.

पेशंट जागा असतो. दीड-दोन तास. नंतर सहा-सात तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं, हेच त्यांना सगळ्यात जड गेलं. दुसऱ्या दिवसापासून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, उलट्या. पहिल्या वेळी मी घाबरून रात्री दोनला फोन केला होता. सिस्टर म्हणाल्या, ताप येणारच, गाठ मरताना येतो, पण थंडी वाजून आला तर लगेच घेऊन या. आठवड्याभरात जेवायला लागले. केस गेले नाहीत.

पहिल्या टेसनंतर गाठ निम्मी झाली. दुसऱ्यानंतर थोडी. तिसऱ्या वेळी नवीन जागी उगवली होती आणि बिलिरुबिन वाढलं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले आता पुन्हा केलं तर लिव्हरच जाईल. एकूण अडीच वर्षं मिळाली. त्यातली पावणेदोन चांगली. मुलीचं लग्न झालं, सप्तशृंगीला जाऊन आलो, पायऱ्या नाही, ट्रॉलीने.

कुणी मला आधी विचारलं असतं की बरे होतील का, तर मी हो म्हटलं असतं, कारण मला तसंच वाटलं होतं. टेस एकट्याने बहुतेकांना बरं करत नाही. मला हे आधी कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

काकू_कॉलेजरोड | बुधवार, सकाळी ६:५०

रात्रपाळी ताई, नमस्कार. बाकी काही लिहवत नाही.

मोठी_लेक | बुधवार, सकाळी ११:२५

मी दाता आहे. चार वर्षांपूर्वी बाबांना लिव्हर दिलं, तेव्हा मी ३१ वर्षांची होते.

आधी तपासण्या. रक्तगट जुळायला हवा, माझ्या लिव्हरमध्ये चरबी किती ते बघितलं, सीटीवर माझ्या लिव्हरचं आकारमान मोजलं. उजवा भाग घेतात, म्हणजे साठेक टक्के. माझ्याकडे उरलेलं तीन महिन्यांत बरंचसं भरून आलं. भाऊ द्यायला तयार होता पण फॅटी लिव्हर निघालं. त्याला सांगितलं सहा किलो कमी कर, तेवढ्यात बाबांची गाठ वाढली असती.

सगळं गोड नाही. माझ्या पोटावर मोठी खूण आहे. महिनाभर शिंक आली की उशी दाबून धरायचे. दात्याच्या जिवालाही थोडा धोका असतो, मला हजारात दोन ते पाच असा सांगितला होता, आणि तो कॅमेऱ्यासमोर समजावून सांगून सही घेतात. नातं सिद्ध करायला कागद लागतात: आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, लग्नाचं प्रमाणपत्र. माझं लग्नानंतरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव वेगळं, त्यात आठ दिवस गेले. ज्यांच्यावर ही वेळ येऊ शकते त्यांनी नावाचं राजपत्र आजच काढून ठेवा.

बाबा बरे आहेत. सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून गोळ्या, त्या जन्मभर. आमचा खर्च वीस लाखांच्या पुढे गेला, गोळ्यांचा वेगळा.

पेटंटखोर | बुधवार, दुपारी ४:१८

गोळ्यांवरून आठवलं. ज्यांना ऑपरेशन, टेस काहीच शक्य नसतं, त्यांच्यासाठी २००८ च्या सुमारास सोराफेनिब नावाची गोळी आली. बायर कंपनीची, महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत तेव्हा भारतात २ लाख ८० हजार होती. ९ मार्च २०१२ ला आपल्या पेटंट नियंत्रकांनी हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची संमती नसतानाही औषध बनवायची मुभा. भारतातला पहिलाच. तीच महिन्याची औषधं तेव्हा ८,८०० रुपयांत मिळू लागली. बायर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तिथेही परवाना टिकला. हे आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात पाहिजे.

तर्री_जास्त | बुधवार, दुपारी ४:३०

अशाने कंपन्या नवीन औषधं शोधतील कशाला?

पेटंटखोर | बुधवार, दुपारी ४:३३

आणि पावणेतीन लाखांची गोळी निफाडात घेणार कोण? जी विकलीच जात नाही तिच्यावर नफा कसला? रॉयल्टी दिली होतीच की, आधी सहा टक्के, मग सात.

आडवा_छेद | बुधवार, संध्याकाळी ५:१०

दोघांनी वेगळा धागा काढा, मी तिथे येतो. इथे एवढंच: मूळ चाचणीत सोराफेनिब घेणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट याहून जास्त जगले) १०.७ महिने होतं, न घेणाऱ्यांचं ७.९. तळहात-तळपाय सोलवटणं, जुलाब, रक्तदाब हे त्रास. नंतर लेनव्हॅटिनिब आली. २०२० पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही सलाइनमधून दर तीन आठवड्यांनी द्यायची जोडी आहे, तिने तो आकडा १९.२ महिन्यांवर नेला, तुलनेत सोराफेनिबचे १३.४. पण बेव्हासिझुमॅबने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी दुर्बीण करून फुगलेल्या शिरांचा बंदोबस्त करतात. पुन्हा दुर्बीण!

आप्पांची गाठ एकच आहे आणि शिरेत शिरल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे सगळं त्यांच्यासाठी आज नाही. तसंच सुईने गाठ भाजणं. आरएफए किंवा मायक्रोवेव्ह म्हणतात, तीन सेंमीच्या आतल्या गाठीला उत्तम, ४.२ ला जमतंच असं नाही. टेसचा भाऊ म्हणजे किरणोत्सारी मणी, यट्रियम-९०. धमनीतूनच सोडतात, गाठीत बसून आतून किरण देतात, ६४ तासांत ताकद निम्मी होते. परदेशी मणी फार महाग. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशी मणी बनवलेत.

आजीचा_काढा | बुधवार, रात्री ९:००

इतके सगळे लाखांचे आकडे, पण भुईआवळीचं नाव कुणी घेतलं नाही. बांधावर फुकट उगवते. कावीळ, यकृत यांवर आपल्याकडे पूर्वापार देतात. सोबत गुळवेल.

वाकडा_चष्मा | बुधवार, रात्री ९:२६

काढा, भुईआवळीची गोष्ट मला फार आवडते, म्हणून ऐकाच. हिपॅटायटिस बी चा विषाणू शोधणारे बारूक ब्लूमबर्ग, १९७६ चं नोबेल. त्यांनी स्वतः मद्रासच्या डॉक्टरांबरोबर भुईआवळीवर काम केलं. १९८८ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं की घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. जगभर खळबळ. मग इतर देशांत तीच चाचणी पुन्हा केली आणि तो गुण काही दिसला नाही. म्हणजे "पाश्चात्त्यांनी आपल्या वनस्पतींकडे बघितलंच नाही" असं नाही, नोबेलवाल्याने बघितलं, आशेने बघितलं. नाही निघालं.

गुळवेल तर या पेशंटला अजिबात नको. कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे पिऊन लिव्हर सुजलेले पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलेत.

आजीचा_काढा | बुधवार, रात्री ९:५०

गुळवेलीचं माहीत नव्हतं. आमच्या ह्यांची रोजची चालू आहे, उद्यापासून बंद. पण पथ्य तरी पाळा, तेलकट नको.

द्राक्षांचा_राजा | बुधवार, रात्री १०:१५

माझी भरपाई म्हणून एक शोधून आणलंय: रोज कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा कॅन्सर कमी आढळतो, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलंय.

तर्री_जास्त | बुधवार, रात्री १०:१७

आणि चहा?

द्राक्षांचा_राजा | बुधवार, रात्री १०:१८

चहाचं काही सांगत नाहीत. नाशिककरांचं अवघड आहे.

घाटातलं_धुकं | गुरुवार, सकाळी ९:४०

पैशांचं आणि राहण्याचं लिहितो, कारण शेवटी तिथेच अडतं.

महात्मा फुले योजनेत आता वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं हवं, आणि भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा माणूस) गाठा, बिल झाल्यावर नाही. कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो ते तोच सांगेल. प्रत्यारोपणासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीत अर्ज करता येतो. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढा. एका मोठ्या ठिकाणी आम्हाला "अशा खाटा भरल्यात" सांगितलं. मी म्हटलं, लेखी द्या. तासाभरात खाट निघाली.

मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळला नाना पालकर स्मृती समिती. गर्दी असते, नाव आधी घाला. आणि हिपॅटायटिस बी, सी ची तपासणी व औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, २०१८ पासून. सिव्हिलला विचारा. आप्पांच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली का?

द्राक्षबाग | रविवार, रात्री १०:३०

उशिरा येतोय, माफ करा. एकेकाचं उत्तर देणं शक्य नाही, पण सगळं दोन-दोनदा वाचलंय, घरात मोठ्याने वाचून दाखवलंय.

दुर्बीण झाली. शिरा फुगलेल्या आहेत, दुसऱ्या दर्जाच्या. चाइल्ड ए. रिपोर्ट घेऊन आधी त्याच पहिल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "मी आता कापणार नाही." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण उलट बरं वाटलं. मग मुंबईला जिथे सर्जन, टेसवाले, लिव्हरवाले आणि किरणवाले एकत्र बसून फाइल बघतात तिथे दाखवलं. त्यांचं एक मत आलं: प्रत्यारोपणाला लायक, तोवर गाठ वाढू नये म्हणून टेस. म्हणजे दुसरे आणि तिसरे डॉक्टर दोघंही बरोबर, फक्त एकापुढे एक.

आप्पांनी विचारलं, कापलं की लिव्हर वाढतं म्हणतात, मग माझं का नाही? मी काही सांगायच्या आत त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं. "खरड छाटणी केली की बाग फुटतेच. पण खोडात कीड असेल तर फुटवा येत नाही."

आता खरी अडचण. धुकं यांनी विचारलं तशी घरातल्या सगळ्यांची तपासणी केली. थोरला मुलगा, जो द्यायला एका पायावर तयार होता, तोही हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला. त्याला काही त्रास नाही, पण तो देऊ शकत नाही, आणि आता दर सहा महिन्यांनी त्याची सोनोग्राफी. आमच्या काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, साखर. उरली धाकटी, सिन्नरला दिलेली. निगेटिव्ह आहे, रक्तगट जुळतो. ती तयार. आप्पा म्हणतात, "दिलेल्या लेकीकडून काही घ्यायचं नसतं. पाणीसुद्धा विचार करून घेतो मी तिच्या घरचं."

काकू_कॉलेजरोड | रविवार, रात्री १०:५२

अहो, हा कुठला काळ! लेकीला पाच एकरात वाटा मागायचा हक्क आहे आणि लिव्हर द्यायचा नाही?

सिडको_ते_सातपूर | रविवार, रात्री ११:०५

काकू, हक्काचं ठीक, पण जावई आणि सासर? तिला लहान मूल असेल तर? आप्पांची भीती मला कळते. मी बाप आहे. मी पण नाही म्हटलं असतं.

मोठी_लेक | सोमवार, सकाळी ८:१५

माझे बाबाही नाहीच म्हणाले होते. तीन आठवडे. मी त्यांना पटवलं नाही, दुसऱ्याच बाजूने गेले. म्हटलं, तपासणी तर करू द्या, कदाचित माझं बसणारच नाही. तपासणीला ते हो म्हणाले. पुढचं पुढे.

आणि सातपूर दादांच्या शंकेबद्दल: दाता बाई असेल तर तिची संमती तिची स्वतःची आहे ना, हे वेगळं तपासायचं असा नियमच आहे. मला खोलीत एकटीला बसवून विचारलं होतं, कुणाचा दबाव आहे का, आणि अजूनही नाही म्हणू शकतेस, आम्ही बाहेर "जुळलं नाही" एवढंच सांगू. तुमच्या बहिणीलाही ती खोली मिळू द्या. तिथे ती काय म्हणते ते तिचं.

रात्रपाळी | सोमवार, पहाटे नव्हे, दुपारी १:००

आमच्या वेळी हे दार होतं की नव्हतं हे आम्ही विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत. टेसच्या दिवशी मऊ उशी न्या, कमरेखाली घ्यायला.

द्राक्षबाग | बुधवार, रात्री ९:४५

बहीण तपासणीला आली. जावई सोबत आले, स्वतःहून. चरबी नाही, लिव्हरचं माप पुरेसं आहे असं सीटीवर दिसतंय, अजून दोन तपासण्या बाकी. आप्पा तिच्याशी बोलले नाहीत, पण दवाखान्यातून येताना कसारा घाटात तिने दिलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले. काकूंनी मला कोपराने ढोसलं.

पहिली टेस पुढच्या गुरुवारी. हिपॅटायटिस बी ची गोळी चालू झाली, ती आता कायमची. व्यापारी येऊन गेला. यंदाची खरड छाटणी थोरला करणार. आप्पांनी त्याला दोन तास बांधावर उभं करून काडी कुठे कापायची ते दाखवलं, जसं काही तो बागेत नवीनच आलाय.

घाटातलं_धुकं | बुधवार, रात्री १०:०२

गुरुवारी मी परळलाच आहे, आईचा फॉलोअप. पंचवटीने येतोय. तुमच्या लोकांसाठी घरचा डबा आणतो, किती जणांचा?

द्राक्षबाग | बुधवार, रात्री १०:०६

चार. आप्पांच्या भाजीत मीठ कमी.